दुकाण

सन १९७१. मी बेचाळीस वर्षांचा, भिंगारच्या एका सरकारी हापिसात शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंतच, म्हणून तिथं गावचं बोलणं दाबून शुद्ध बोलायचो.

फाटकाशी एक पेरूवाला बसायचा. पेरू धोतराला पुसून थेट मोठ्या साहेबांपुढं धरायचा. "खाऊन बगा, साहेब, लई ग्वाड हाय!" साहेब तिथंच उभे राहून खायचे, त्याच्याशी हसायचे. माझ्याशी ते कामापलीकडं कधी बोलले नाहीत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी त्याला दरडावलं, "हे दुकाण हलव. सामाण उचल."

तो खो खो हसला. "आमी पानी म्हनतो म्हून लोक हसत्यात, दादा. तुमी तर दुकानाचं दुकाण केलं! एवढं भ्या कुनाचं हाय?"

मी तसाच आत निघून गेलो. त्याचं नावही मी कधी विचारलं नाही. हेवा मात्र अजून गेलेला नाही. तो साहेबांशी बोलायचा तसाच बायकोशीही बोलत असणार. मी घरी एक होतो, हापिसात दुसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी विचारलं, "कालची फाइल सापडली का?"

मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "न्हाई गावली, साहेब."