बर्फाची बादली
इथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलवर, कुणी ग्लासात बर्फ ओतला, की अजूनही माझी नजर आधी नवऱ्याला शोधते. नवऱ्याने टास्मानियाच्या गार समुद्रात डायव्हिंगला जायचं ठरवलं होतं. थंडीची सवय व्हावी म्हणून तो आमच्या बुओना व्हिस्टा भागातल्या फ्लॅटमध्ये, बाथरूमची कडी लावून, बर्फाच्या बादलीत तोंड बुडवून बसायचा. एका दुपारी आतून येणारा बर्फाचा आवाज अचानक थांबला. मी हाका मारल्या, दार बडवलं. “रिलॅक्स लाह, आई,” लेक इथल्या बोलीत म्हणाली, पण तीही दारावर थापा मारायला लागली. शेवटी आतून कडी निघाली. त्याचे ओठ निळे पडले होते. “श्वासच घेता येईना गं,” एवढंच तो म्हणाला. टास्मानियाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि बाथरूमची कडी आमच्या घरात आजही कुणी लावत नाही.