मिस व्हेलोरा आणि शहामृगाचं पीस

या शहरात माझं सगळं नाचणं झालं आणि म्हातारपणही इथंच आलं. आता गुडघे ऐकत नाहीत. पण लास व्हेगासला पहिल्यांदा आलीस तेव्हा काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की मी अजून खुर्चीत ताठ बसते. विचारणाऱ्याला दिवे हवे असतात, पत्त्यांची टेबलं आणि हिऱ्यांनी मढलेल्या बायका हव्या असतात. मला आधी आठवते ती एक अर्धी भिंत.

१९५४ चा एप्रिल होता. मी एकोणीस वर्षांची, शिकागोहून निघालेल्या मिस्टर बॅब यांच्या नृत्यमंडळीतली सगळ्यात नवी मुलगी. मोठ्या रस्त्यावरच्या एका नामांकित हॉटेलात आमचे दोन आठवडे प्रयोग होते. पण आम्ही काळे. त्या हॉटेलच्या स्टेजवर नाचायला आम्ही चालत होतो. तिथं झोपायला, जेवायला, पोहण्याच्या तलावात पाय बुडवायला किंवा प्रेक्षकांत बसायला चालत नव्हतो. प्रयोग संपला की स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडायचं आणि रुळांपलीकडं वेस्टसाइडला, आपल्या माणसांत यायचं.

तिथं एका मातीच्या रस्त्यावर बसनं आम्हाला उतरवलं. समोर पांढऱ्या गणवेशातली एक उंच बाई स्टुलावर उभी राहून सिमेंटचा ठोकळा भिंतीवर बसवत होती. ठोकळा बसला, तसा तिनं तो तळव्यानं थोपटला, मग आमच्याकडं वळून पाहिलं.

"पाय झाडून आत या," ती म्हणाली. "आणि ती भिंत ओली आहे. तिला टेकून कुणी सुंदर दिसायचं नाही."

या मिस व्हेलोरा टिब्स; आमच्यात वडीलधाऱ्या बाईला, ती लग्नाची असली तरी, मानानं मिस म्हणत. लुईझियानातल्या कापसाच्या शेतातून नवऱ्याबरोबर इथं आल्या होत्या. नवरा धरणाच्या कामावर गेला आणि छातीत धूळ घेऊन परतला. तो वारल्यावर त्यांनी हॉटेलात खोल्या साफ करायचं काम धरलं, आम्ही नाचणार होतो त्याच हॉटेलात. आमच्या लोकांना घराच्या कर्जासाठी बँक दारात उभं करत नसे. म्हणून पगार झाला की दोन-चार ठोकळे, एखादं सिमेंटचं पोतं, असं करत त्या आठ वर्षं घर बांधत होत्या. दोन खोल्यांत आमच्यासारखे भाडेकरू, एका खोलीत त्या. चौथीची भिंत अर्धी.

किती सुंदर दिवस होते ते! सोमवारी लाल घेवडा आणि भात, बाकीचे दिवस मक्याची भाकरी आणि जे असेल ते. मिस व्हेलोरांच्या मेजावर ढोल वाजवणारे, गाणारे, हॉटेलातले आचारी सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. डेल्फीन नावाची आमची मुख्य नर्तिका फार तोंडाळ होती. माझा नाच पाहून वासराला बूट घातल्यासारखं वाटतं, असं ती भर जेवणात म्हणायची आणि मग आपल्या ताटलीतला मांसाचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवायची. इतकं प्रेम मला पुढं मोठमोठ्या जेवणावळींतही मिळालं नाही.

एकदा मी मिस व्हेलोरांना सहज विचारलं, आमचा नाच कसा वाटतो तुम्हाला? त्यांनी घेवडा निवडता निवडता सांगितलं, की त्या थिएटरातला गालिचा कुठं फाटलाय, कुठल्या टेबलाचा पाय हलतो हे त्यांना पाठ आहे. पण दिवे लागलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. आठ वर्षांत एकदाही नाही. काम संपल्यावर आवारात दिसलेल्या नोकराला त्याच दिवशी काढून टाकत. आणि हे काम गेलं तर ती भिंत तशीच राहणार होती.

मग मिस्टर बॅब यांनी तोंड पुसलं. ते टकले, बुटके गृहस्थ, पण बोलायला लागले की मेजाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई. विंगेत पोशाख सांभाळणारी आपली एक बाई असते, तिच्या हाताखाली दुसरी दिली तर कोण मोजतंय, असं ते म्हणाले. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. मिस व्हेलोरा दोन दिवस नको म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच रुमालाला इस्त्री केली.

संध्याकाळचा पहिला खेळ होता. मी स्टेजवरून दर गिरकीला विंगेकडं पाहत होते. मिस व्हेलोरा पोशाखांच्या कांबीला धरून उभ्या होत्या. तोंड थोडं उघडं, आणि आमच्या टाचांबरोबर मान हलत होती. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी नाचले.

पिसांचा नाच संपला, अंधार झाला. पुढचा प्रवेश सुरू व्हायला बँडचे आठ ठोके असत. तेवढ्यात आम्ही आत पळायचं आणि मिस्टर बॅब यांनी तळाला पत्रे ठोकलेले टॅपचे बूट घालून मध्यावर यायचं. मी आत येताना कुणीतरी माझ्या अंगावरून उलट दिशेनं गेलं.

दिवे लागले. स्टेजच्या मधोमध मिस व्हेलोरा वाकल्या होत्या. डेल्फीनच्या टोपातून पडलेलं शहामृगाचं लांब पांढरं पीस त्यांच्या हातात होतं.

समोर चारशे माणसं. मिस व्हेलोरा सावकाश सरळ झाल्या. आणि आत माणूस आहे हे न कळता खोलीचं दार उघडलेली मोलकरीण जे करते, तेच त्यांनी केलं. नजर खाली घातली, दोन पावलं मागं सरल्या आणि अगदी स्पष्ट, नम्र आवाजात म्हणाल्या, "माफ करा. मी नंतर येते."

अख्खं थिएटर हसत सुटलं. मिस्टर बॅब जुने खेळाडू. त्यांनी हॅट काढून कमरेत वाकून नमस्कार केला, हाताला धरून त्यांना राणीसारखं विंगेपर्यंत नेलं. टाळ्या थांबेनात. आम्ही सगळ्या आत एकमेकींच्या गळ्यात पडलो होतो. वाचलो, आणि वर टाळ्या!

मिस व्हेलोरा पोशाखाच्या पेटीवर बसल्या होत्या. पीस मांडीवर ठेवून त्याचे केस बोटांनी सारखे करत होत्या.

"का गेलात हो?" मी विचारलं.

"त्या टाचांचा पाय पडला असता त्यावर. घसरलं असतं कुणीतरी." मग त्या म्हणाल्या, "फार हसले ना ते?"

"फार. तुम्ही आज स्टेजवर आम्हा सगळ्यांना खाऊन टाकलंत."

त्या पुन्हा पिसाचे केस सारखे करू लागल्या. मी एकोणीस वर्षांची होते. हसू म्हणजे हसू, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या नेहमीसारख्या कामावर गेल्या. आदल्या रात्री हॉटेलचे मॅनेजर पहिल्या रांगेत होते, हे आम्हाला नंतर कळलं होतं. डेल्फीननं दिवसभरात मला एकही टोमणा मारला नाही. चारला मिस व्हेलोरा परतल्या. हातात रोजची पिशवी, चेहरा रोजचा. मी धावत गेले. त्यांनी सांगितलं, की मॅनेजर त्यांना वरच्या मजल्यावर भेटले, अगदी समोरासमोर. मिस व्हेलोरांनी सुप्रभात म्हटलं. ते म्हणाले, दोनशे चौदा नंबरच्या खोलीत टॉवेल कमी आहेत.

मला हायसं वाटलं. काम वाचलं होतं. त्या मात्र पातेलं ढवळत राहिल्या.

तासाभरानं मिस्टर बॅब आले. एवढा बोलका माणूस, पण दारातच घुटमळला. मॅनेजरनी त्यांना बोलावून घेतलं होतं. ती मोलकरणीचं काम करणारी विनोदी नटी कुठून आणलीत, म्हणून पाठ थोपटली होती. हुबेहूब, म्हणाले. रोज दोन्ही खेळांना हवी. द्यायला तयार होते ते पैसे मिस व्हेलोरांच्या मोलकरणीच्या पगाराच्या तिप्पट होते.

"तिप्पट," डेल्फीन म्हणाली. "या उन्हाळ्यात छत चढेल तुमच्या चौथ्या खोलीवर."

मिस व्हेलोरांनी चूल बारीक केली आणि हात पुसले. "आठ वर्षं मी त्याच्या कचेरीतला केर काढते, मिस्टर बॅब. त्याला मी कोण ते दिसलं नाही?"

मिस्टर बॅब यांनी मान हलवली. "नाही, मिस व्हेलोरा."

"आणि रोज काय करायचं मी?"

"तेच. पीस उचलायचं. घाबरायचं."

त्या खिडकीशी गेल्या. बाहेर अर्ध्या भिंतीवर उतरतं ऊन होतं. मला वाटत होतं, हो म्हणा. देवा, यांना हो म्हणू दे. घर होईल.

"काल मी घाबरले ते खरं घाबरले होते," त्या आमच्याकडं न वळता म्हणाल्या. "खरं काम करताना घाबरले. त्याची लाज नाही मला. पण उद्या खोटं घाबरून दाखवलं, तर परवा सकाळी कुणाच्या खोलीत शिरताना माझं मलाच हसू येईल. मग ते काम मी कशी करणार? आणि ते काम मला आवडतं, पोरींनो. मी ते चांगलं करते." मग त्या वळल्या. "त्यांना सांगा, ती बाई गावाला गेली."

मिस्टर बॅब यांनी घरातच हॅट काढली, छातीशी धरली. आदल्या दिवशी स्टेजवर काढली होती तशी नाही. नुसती काढली आणि उभे राहिले.

मिस व्हेलोरांनी पुढं अकरा वर्षं त्याच हॉटेलात खोल्या साफ केल्या. चौथ्या खोलीवर छत चढायला त्यातली पाच गेली. मी आयुष्यभर लोकांना हसवून, भुलवून जगले आणि त्याची मला खंत नाही. तो माझा धंदा होता. पण त्या नकाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी मुद्दाम उठले आणि दारात उभी राहिले. त्या पांढऱ्या गणवेशाची गुंडी लावत बाहेर पडल्या. मी सुप्रभात म्हटलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अनवाणी का उभी आहेस म्हणून रागावल्या. मग मातीच्या रस्त्यानं, घाई न करता, बसच्या दिशेनं चालत गेल्या.