फोडणीला पुरून उरलेलं

कालचा भात दिवसभर ओट्यावरच राहिला होता. आज सकाळी सासूबाईंनी त्याला खमंग फोडणी दिली आणि नातीचा डबा भरला.

"आई, नको. तो टाकून देऊ," मी म्हटलं.

"अगं, चांगला कडकडीत परतलाय. जंतू राहतील होय?"

जंतू मेलेही असतील. पण मरण्याआधी त्यांनी भातात विष सोडलं असेल, तर ते आचेला दाद देत नाही, हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी थक्क होते. ना डोळे, ना तोंड, असा जीव स्वतः संपतो आणि त्याची करणी आपल्या आगीलाही हटत नाही!

विषाचं हे मी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी एक शीत चिमटीत दाबलं, हुंगलं. जन्मभर त्यांनी शितावरूनच भाताची परीक्षा केली होती. हे शीत मऊ होतं, खमंग होतं आणि काहीच सांगत नव्हतं.

त्यांनी डबा कचऱ्यात रिकामा केला.