काचघरातले नेचे

परवा सुलूआत्याला घेऊन शहरातल्या जुन्या बागेत गेलो होतो. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तेव्हा दर वर्षी मुलींना इथल्या काचघरात आणायची. आत शिरलं की ओल्या मातीचा वास यायचा, चष्म्यावर वाफ धरायची.

आता काचघर नवं केलंय. काचा लख्ख आहेत आणि फोटो काढायला झोपाळा टांगलाय. आत्यानं एका नेच्याचं पान उलटं केलं. पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे नेच्याच्या बीजाणूंचे पुंजके. तेच ती मुलींना दाखवायची. हे पान मात्र मागूनही तसंच गुळगुळीत, हिरवं होतं. तिनं दुसरं उलटलं, मग तिसरं.

“आजी, ती खरी नाहीत,” तिकिटं देणारी मुलगी म्हणाली. “खऱ्यांना रोज पाणी घालावं लागायचं.”

“मग ती कुठे गेली?”

“माहीत नाही. मी आले तेव्हापासून हीच आहेत.”

ही बाग इंग्रज साहेबांनी स्वतःसाठी लावली. आपल्या लोकांना फाटकाबाहेरून बघावं लागे. पण परक्यांच्या हुकमाखाली आपल्याच माळ्यांनी इथलं पान न् पान जगवलं. बाग आपली झाली, आणि आपल्याला पाणी घालणं जड झालं.

तेवढ्यात एका शाळेच्या मुली रांगेनं आत आल्या. “बघा, किती स्वच्छ ठेवलंय,” त्यांच्या बाई म्हणाल्या. एक मुलगी पान नाकाशी धरून हुंगत राहिली.

आत्यानं माझा हात धरला. “चल लवकर,” ती म्हणाली, “तिनं मला काही विचारायच्या आत.”