किसन आखाड्यात जायचा

सकाळपासून फोनवर सगळे एकच म्हणत आहेत, "सुटला बिचारा." म्हणून लिहायला बसले.

कशातून सुटला?

माझा धाकटा भाऊ किसन काल अकोल्यात, माझ्या घरी वारला. ऐंशीच्या घरात होता. परवापर्यंत अंगणात व्यायामाचे जड लाकडी मुद्गल फिरवत होता.

त्याला जन्मापासून समज कमी. आज बौद्धिक अक्षमता म्हणतात. आमच्या लहानपणी अमरावतीत 'येडा' म्हणत आणि विषय संपवत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. शहराबाहेर आमची भाजीची बाग. आई-बाबा पहाटे वांगी-मेथी घेऊन बाजारात जात आणि किसनच्या खोलीला बाहेरून कडी लावत.

दुष्ट नव्हते ते. एकदा तो चालत निघाला, तो पार चांदूर बाजारच्या रस्त्यावर सापडला होता. त्याची धास्ती होती.

पण बसून बसून पोरगा फुगला. चार पावलांत धाप लागायची. बोलणंही कमी झालं.

गल्लीच्या टोकाला आखाडा होता. एक दिवस वस्तादच घरी आले.

"पोराले कोंडून काहून ठेवता? माह्याकडं धाडा."

"त्याले काही समजत नाही, वस्ताद."

"मले का त्याले गणित शिकवाचं हाय? माती उकरन, बैठका मारन."

किसन जाऊ लागला. फावड्याने लाल माती उकरायची, तिच्यात ताक-तेल मिसळायचं, मग बैठका. रात्री गाढ झोपायला लागला. भाकरी मागून खायला लागला.

आणि आखाड्यातली पोरं त्याला 'किसन' म्हणायला लागली. तोवर घराबाहेर त्याला नावच नव्हतं.

वर्षा-दोन वर्षांत दंड भरले. मग गल्ली कुजबुजायला लागली. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "येड्याले ताकद कायले देता वो? उद्या कोनाचा गळा धरला तं सोडवन कोन?"

बाबा घाबरले. म्हणाले, "नागपंचमी झाली का याचा आखाडा बंद."

म्हणजे पुन्हा ती खोली.

नागपंचमीला आखाड्यात कुस्त्या. आम्ही बायका-मुली समोरच्या ओट्यावरून बघत होतो. वस्तादांनी किसनला उतरवलं. समोर काकूंचाच मुलगा.

किसनने त्याला चीत केलं. स्वच्छ. पंच गर्दीतून वाट काढत पलीकडून येत होते.

रोज सराव झाला की जोडीदाराच्या अंगावरची माती झाडायची, ही आखाड्याची रीत. किसनला रीत म्हणजे रीत. त्याने त्या मुलाला हात धरून उठवलं, फिरवलं, आणि पाठ पुसून साफ केली.

पंच पोचले. पाठीला माती दिसली तरच चीत धरायचे; इथे पाठ स्वच्छ. कुस्ती बरोबरीत.

लोक पोट धरून हसले. "अबे किसन, जितलेली कुस्ती पुसली ना बे तुनं."

"खाजवते ना माती त्याले," किसन म्हणाला.

काकूंनी मान खाली घातली. बाबा उठून वस्तादांजवळ गेले आणि एवढंच बोलले, "उद्या बी धाडतो त्याले."

ती कडी मग सायकल आत ठेवली की लागायची. किसन आत असताना नाही.

पुढे मी कॉलेज केलं, नोकरी केली. आई-बाबा गेल्यावर तो माझ्याकडे अकोल्याला आला. त्याला नोटा कधीच ओळखता आल्या नाहीत. पण भाजीच्या पिशव्या तोच आणायचा, आणि वाटेत दहा जण त्याला थांबवायचे. डॉक्टर म्हणायचे, "बाई, यांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

भूक लागली की जेवला. थकला की झोपला. कोणी हाक मारली की हसला. यातून सुटायचं काय होतं?

घरात असं मूल असेल तर त्याला बाहेर काढा. धावू द्या. पडेल. पडू द्या.

किसन, नीट जा. रस्ता तुला सापडतो.

आज दुपारी इथल्या विशेष मुलांच्या शाळेतल्या बाई किसनच्या वस्तू मागायला घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "काचेच्या कपाटात ठेवू आठवण म्हणून." मी म्हटलं, मग राहू द्या. शेवटी त्यांनी त्या मुलांच्या हातात देण्याचं कबूल केलं.

दोन सागवानी मुद्गल. एक फावडं. त्यांच्या ताब्यात दिलं.