दौंडच्या रेकॉर्डवरचं क्लॅरनेट

आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळे भुतंही नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आबांनी देव्हारा उतरवला आणि त्याचबरोबर अंगात येणं, उतारा, करणी हे सगळं घराबाहेर काढलं. गावात कुणी वडाखाली काही दिसलं म्हणालं की आबा म्हणायचे, "दिसलं तर चहा पाज त्याला." मी त्याच बापाची लेक. पुढे नर्स झाले. मेलेली माणसं रोज पाहिली, त्यातलं एकही कधी परत आलं नाही. म्हणून हे लिहायला मला इतकी वर्षं लागली... लिहू की नको करता करता सत्तरी उलटली.

गोष्ट आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षीची. मी दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात स्टाफ नर्स होते. माझं गाव शिरूर तालुक्यातलं निमोणे. आबा — नामदेव त्यांचं नाव — तरुणपणापासून शिरूरच्या एका बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवायचे. लग्नाच्या वराती, चौदा एप्रिलची मिरवणूक, सगळीकडे आबा पुढे. त्यामुळे हे वाद्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळे मला म्हणाले की तुझा ऐकण्यात घोळ झाला.

दौंडला तेव्हा रेल्वे कॉलनीत बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. त्यातले डग्लस अंकल म्हणजे रिटायर्ड मेल ड्रायव्हर. बायको वारलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी त्यांचं ड्रेसिंग करायला जायचे, तिथून ओळख वाढली. त्यांच्या बैठ्या बंगलीत दर रविवारी दुपारी तीन वाजता रेकॉर्ड ऐकायला आम्ही चौघं जमायचो. अंकल, मी, शाळेत पियानो शिकवणाऱ्या फर्नांडिस मिस, आणि पार्सल ऑफिसातले काळेबाबू. काळेबाबू नाट्यसंगीतवाले. इंग्रजी बाजा त्यांना मुळीच आवडायचा नाही, पण एक रविवार चुकवायचे नाहीत.

अंकलचा एक नियम होता. रेकॉर्ड संपली की कुणी बोलायचं नाही. टेबलावर एक लांबडं रजिस्टर असायचं, त्यात प्रत्येकानं दुसऱ्याचं न बघता आपलं मत लिहायचं आणि मग एकेकानं मोठ्यांदा वाचायचं. "नहीं तो सब लोग काळेबाबू का ओपिनियन कॉपी करता है," अंकल म्हणायचे.

त्या वर्षी मुलानं ऑस्ट्रेलियाहून एक लाँग प्ले पाठवली. एका परदेशी जॅझ बँडची. लढाईच्या दिवसांतली आणि त्यानंतरच्या चारपाच वर्षांतली त्यांची गाणी नव्यानं एकत्र काढलेली. कव्हरवर पांढरे कोट घातलेले सोळा वादक, मागे कोण काय वाजवतो त्याची यादी. यातली काही गाणी अंकलकडे जुन्या जाड प्लेटांवर होती, बदलीच्या सामानात फुटून गेलेली. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्सला त्यावर ते आणि त्यांची बायको नाचलेले. म्हणून त्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

रेकॉर्ड झाली. मतं वाचली. अंकलनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'जुन्या प्लेटला खरखर होती पण माणसं खोलीत होती. आता माणसं न्हाणीघरात बसून वाजवतात.' नव्या कंपनीनं ओढूनताणून स्टिरिओ केलाय, असं त्यांचं म्हणणं. फर्नांडिस मिसनी लिहिलं, 'ब्रास सुंदर. पियानो मागे पडला.' काळेबाबूंनी लिहिलं, 'अतिशय गोंगाट. परंतु तालाला पक्के.' मी लिहिलं होतं, 'दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं छान. त्यातलं क्लॅरनेट लांबून येतं ते आवडलं.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"व्हॉट क्लॅरनेट, सिस्टर?" अंकल म्हणाले. "वो तो टेनर सॅक्सोफोन है." कव्हरच्या मागची यादी त्यांनी माझ्यापुढे धरली. त्यात क्लॅरनेट नव्हतंच. गाणं परत लावलं. मला परत ऐकू आलं. बाकी तिघांना नाही.

पुढच्या रविवारी फर्नांडिस मिसनी वाचलं, 'तिसऱ्या गाण्यात डावीकडे क्लॅरनेट. सूर किंचित उतरलेला.' काळेबाबूंनी चष्मा काढून पुसला आणि आपलं वाचलं, 'तिसऱ्यात सनईसारखे काहीतरी. मागील वेळी नव्हते.' अंकल चिडले. आम्ही तिघांनी मिळून त्यांची चेष्टा चालवलीय असं त्यांना वाटलं. मशीनची सुई बदलली, इन्स्टिट्यूटच्या मशीनवर रेकॉर्ड नेऊन लावली. काही फरक नाही.

तिसऱ्या रविवारी अंकलनी स्वतःचं मत वाचलंच नाही. मी रजिस्टर ओढून पाहिलं. एकच ओळ होती, 'कुणीतरी फुंकायच्या आधी श्वास घेतं.'

आणि ते खरं होतं. क्लॅरनेट आता लांब नव्हतं. पंधरासोळा वाद्यांच्या पुढे, अगदी स्पीकरच्या कापडामागे कुणी उभं राहून वाजवावं इतकं जवळ आलं होतं. बाहेर भर दुपारचं ऊन, यार्डात शंटिंगचा आवाज चाललेला... आणि आम्ही चौघं शहाणीसुरती माणसं त्या मशीनच्या जवळ जायला कचरत होतो.

मग मीच म्हटलं, आमच्या आबांना आणते. आयुष्यभर तेच वाद्य वाजवलेला माणूस, तो सांगेल खरं काय ते. पुढच्या रविवारी आबा न्हावरा-चौफुला करत एस.टी.नं आले. सोबत क्लॅरनेटची पेटी — ती ते कधी घरी ठेवायचे नाहीत. अंकलनी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला. आबा संकोचून कडेला बसले होते.

तिसरं गाणं सुरू झालं. क्लॅरनेट आलं आणि आबांच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर सांडला तरी त्यांना कळलं नाही.

"थांबवा," ते म्हणाले. अंकलनी थांबवलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी दवाखान्यात पाहिलाय, एक्स-रे हातात मिळाल्यावर होतो तसा.

"सुमे, हा दगडू हाय."

"कौन दगडू?" अंकलनी विचारलं.

"आमच्या पार्टीतला. माझा जोडीदार. ती शेवटाला मुरकी घेतली न्हाई का, ती त्यानं सोताची बसवलेली. दुसऱ्या कुणाला येतच न्हाई. मलाबी न्हाई."

लढाईच्या काळात एका पलटणीच्या डान्स बँडला वादक हवे होते. साहेब शिरूरला आला, आबा आणि दगडूकाका दोघांनी वाजवून दाखवलं, दगडूकाकांना घेतलं. ते कलकत्त्याला गेले आणि परत आले नाहीत. एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. पण ही रेकॉर्ड सातासमुद्रापलीकडच्या बँडची! अंकलनी तसं म्हटलंही. आबा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, परत लावता का?"

परत लावली. या वेळी त्या जागी क्लॅरनेट आलंच नाही. नुसता सॅक्सोफोन. काळेबाबूंनी सुस्कारा सोडला. बाकीची गाणीही संपली आणि सुई आतल्या रिकाम्या रेघेत गोल फिरायला लागली. खर्र... खर्र... अंकल उठणार, एवढ्यात त्या रिकाम्या जागेतून क्लॅरनेट आलं. एकटं. दोन सूर वाजले आणि थांबले. परत तेच दोन सूर, परत थांबले. सवाल टाकून जोडीदाराच्या जवाबासाठी थांबावं, तसं.

"आलो रं, दगडू," आबा म्हणाले आणि खुर्चीतून उठायला लागले.

मला काय झालं ठाऊक नाही, मी धावले आणि सुई उचलली. दांडी माझ्या हातात होती, रेकॉर्डपासून चांगली वर. आणि तरीही ते दोन सूर एकदा पुरे वाजले.

अंकलनी सवयीनं रजिस्टर पुढे सरकवलं आणि आम्हीही, वेड्यासारखे, लिहिलं. काळेबाबूंनी लिहिलं, 'दोन सूर, मग थांबणे. वाजवणाऱ्याचा दम पुरत नसावा.' मिसनी लिहिलं, 'तो दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतोय.' मी लिहिलं, 'शेवटी खोकला. क्षयाच्या वॉर्डात ऐकू येतो तसा.' अंकलनी नुसती रेघ मारली.

त्या संध्याकाळी माझ्या क्वार्टरवर आबांनी पेटी उघडली. अस्तराखालून एक घडी काढली. पिवळी पडलेली चिठ्ठी.

"त्याची हाय," म्हणाले. "कलकत्त्याहून आलेली. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून माझ्या पत्त्यावर धाडली. तवा पार्टीत मी पहिला वाजवणारा झालो व्हतो, सुमे. तो आला असता तर मी परत मागं गेलो असतो. म्हातारीला म्या सांगितलं, दगडू खुशाल हाय, रामराम धाडलाय. ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती... आन् म्या खोटं वाचलं."

मी चिठ्ठी मागितली. दिली नाही. "ही माझ्यासाठी न्हाई आन् तुझ्यासाठी बी न्हाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर शिरूरला गेले. म्हातारी केव्हाच वारली होती. दगडूकाकांची धाकटी बहीण, सखूआत्या, बाजारात भाजी विकायची. आबांनी तिला पाटीवरून उठवून घरी नेलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आबांचं झाल्यावर ती म्हणाली, "चिठ्ठी पोरीकडं द्या. तुम्ही नगा वाचू."

मी वाचली. अक्षर मोडकंतोडकं होतं.

'नामा, मी दवाखान्यात हाय. छातीचं दुखणं हाय. बँडवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. आईला सांग, कुणाला तरी मला न्यायाला पाठव, एकट्यानं गाडीत बसवत न्हाई. दुपारी खिडकीत बसून वाजवतो. दोनच सूर निघत्यात, मग दम लागतो. थांबलो की वाटतं, पुढचं तू तिकडनं वाजवशील.'

दोन सूर आणि दम... हे आदल्या दिवशी दौंडला काळेबाबूंनी लिहिलं होतं. त्यांनी ना दगडूकाकांना पाहिलेलं, ना ही चिठ्ठी. आबांनी तोवर ती कुणालाही दाखवली नव्हती.

सखूआत्यानं पदरानं तोंड पुसलं. पेटीकडे बोट करून म्हणाली, "नामादादा, वाजवा. त्यो थांबलाय न्हवं?"

आबांनी क्लॅरनेट जोडलं, ओठाला लावलं, फुंकलं. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण सूर निघाला नाही. फुंकायची पत्ती बदलली, भोकं पुसली. काही नाही. परवाच एका वरातीत तीन तास वाजवलेला माणूस! त्याच दिवशी पार्टीतल्या दुसऱ्या वादकाकडे ते दिलं, त्यानं पहिल्याच फुंकेला खणखणीत वाजवलं. मी आबांना पुण्याला नेऊन छाती, घसा, दात, सगळं तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. त्यानंतर आबा अकरा वर्षं जगले. त्यांच्या फुंकेतून एक सूर कधी निघाला नाही.

आमचे रविवार बंद पडले. पुढच्या वर्षी अंकल मुलाकडे गेले. तिथून त्यांचं पत्र आलं की तीच रेकॉर्ड तिकडे पुष्कळांकडे आहे, लोकांना फार आवडते. त्यांनी दहा जणांना विचारलं. क्लॅरनेट कुणीच ऐकलेलं नाही. त्यांची स्वतःची प्रत त्यांनी दौंड सोडताना बंगलीच्या मागे पुरली होती, हेही लिहिलं होतं.

पाच माणसांना एकाच वेळी भास होतो का? होत असेल. मी मानसोपचाराची पुस्तकं वाचली, ध्वनीची माहिती असणाऱ्यांना विचारलं. उचललेल्या सुईबद्दल सगळेच म्हणतात, तुम्ही घाबरला होता. घाबरले होतेच. पण ऐकलंही होतं.

सखूआत्या त्यानंतर आबांशी बोलायची, सणाला घरीही यायची, पण दगडूकाकांचा विषय तिनं काढला नाही. आबांना मी एकदाच विचारलं, अगदी शेवटच्या आजारपणात. "आबा, खरं सांगा. ते दगडूकाकाच होते का?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मला नगं इचारू," म्हणाले. "एकदा म्या खोटं वाचून दाखवलंय. आता माझ्या सांगण्याला काय अर्थ हाय?"