आधी डोळे, मग श्वास, मग सुई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. लोणावळ्याच्या बाजारातल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. औषधं खलायची, बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवायची... त्यात कसली आलीय भुताटकी! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, आणि अंगावर काटाही येतोय.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वलवणचा सखाराम हिरडे काढताना झाडावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. सकाळी डॉक्टरसाहेब स्वतः जाऊन फळ्या बांधून आले, मॉर्फिनचं इंजेक्शनही देऊन आले. दुसरं दुपारी तीनला मी द्यायचं होतं. या सखारामला मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांचा नियम होता — मॉर्फिन देण्याआधी पेशंटचे डोळे बघायचे, मग श्वास मोजायचे, मग सुई. खरं सांगतो, मी काही मोजत नसे. पेशंट शांत झोपलाय म्हणजे औषध लागू पडलं, असं समजून सुई टोचून मोकळा व्हायचो. हाताला गुण आहे म्हणून लोक कौतुक करायचे, त्याने शेफारलो होतो.

चहा घेतला आणि सायकलवर टांग मारली. वलवणच्या धरणाच्या अलीकडे, भर उन्हात, एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा. तिशीचा, अंगात बंडी, डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा पट्टा. ब्रेक दाबावाच लागला. त्याने हँडल धरलं आणि चेहरा माझ्यापुढे आणला.

“भाऊ, आदी माजं डोळं बगा. मंग काय ती सुई.”

बघितले. बाहुल्या खसखशीएवढ्या! अफू खाल्लेला दिसतोय म्हणून मी त्याला झटकलं आणि पुढे निघालो. माझ्या पिशवीत सुई आहे हे याला कसं कळलं, हा प्रश्न थोडं पुढे गेल्यावर डोक्यात आला. मागे वळून पाहिलं... सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळी भातखाचरं, आणि माणूस कुठेच नाही.

सखारामच्या घरी त्याची बायको गंगू खुशीत होती. मघापर्यंत कण्हत होते, आता कशी छान झोप लागलीय म्हणाली. मी घोंगडी बाजूला केली. डाव्या भुवईत तोच पांढरा पट्टा!

एरवी मी सुई भरलीच असती. त्या दिवशी आधी पापणी उचलली. बाहुली खसखशीएवढी, ओठ निळसर. घड्याळ लावून श्वास मोजले — मिनिटाला पाच. गंगूला विचारलं, काही दिलंस का?

“तान्ह्याला निजवाया रोज राईएवढी अफू देते,” ती म्हणाली. “ह्यो तर बाप्या गडी. कळा सोसंनात, म्हनून हरभऱ्याएवढी दिली.”

तान्ह्याला अफू देऊन बाया शेतावर जायच्या, हे तेव्हा घरोघरी होतं. पण सुईतलं मॉर्फिनही अफूचंच, हे तिला आम्ही कोणी सांगितलंच नव्हतं.

शेजाऱ्याला माझ्या सायकलवर डॉक्टरांकडे पिटाळलं. सखारामला टेकून बसवलं आणि कानाशी ओरडत राहिलो — सखाराम, श्वास घे! तो घ्यायचा, आणि मी थांबलो की तोही थांबायचा. गंगूही रडत हाका मारायला लागली. डॉक्टर टांग्याने आले, नळी घालून त्याचं पोट धुतलं, आणि दिवस मावळता श्वास बारावर आले. आनंदाने मी अंगणात नाचलो हो, अक्षरशः नाचलो!

पुढे चार दिवस त्याचं पोट साफ होईना, अंगाला खाज सुटली. म्हातारी मंडळी अंगारा लावायला निघाली. हेही त्या औषधाचंच, भरपूर पाणी द्या आणि एरंडेल पाजा, असं मी समजावलं. अफूची डबी मात्र गंगूने पहिल्याच दिवशी उकिरड्यात पुरली होती.

पण सांगायचं ते त्याच संध्याकाळचं. सखारामने डोळे उघडले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “रस्त्यात मला झटाकलं भाऊ... पर माजं आयकलं.”

त्याला भाऊ नाही, जुळा नाही. मी गावभर चौकशी केली. डॉक्टर म्हणाले, मॉर्फिनने भास होतात. होतात की! मीच कितीतरी पेशंटना हे समजावलंय. आज ऐंशी ओलांडली तरी मला याचं उत्तर सापडलेलं नाही, कारण मॉर्फिन सखारामच्या अंगात होतं. मी फक्त चहा प्यायलो होतो.